नानावटी सुटला, पण निर्दोष नाही

मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून कोल्हापुरात प्रत्येकजण अर्धा वकील झालाय. ऑगस्ट २०२५ मध्ये सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात हायकोर्ट बसायला लागलं, सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथं यायला लागली आणि भाऊसिंगजी रोडवरच्या चहाच्या गाड्यांवर कायद्याचे क्लास भरायला लागले. त्याला माझी हरकत नाही. पण परवा १९५९ च्या नानावटी खून खटल्याचा विषय निघाला आणि एक मित्र छातीठोकपणे म्हणाला, "नानावटी निर्दोष सुटला की! पिच्चर बघितलाय मी." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चहा गार होईस्तोवर भांडतो.

निर्दोष मुक्तता म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरकार पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही, कोर्टानं तसं निकालपत्रात लिहिलं, विषय संपला. संशयाचा फायदा मिळून सुटला तरी तीही मुक्तताच. जामीन मात्र नव्हे. कळंबा जेलमधून जामिनावर बाहेर आलेल्याचे 'सत्याचा विजय' असे डिजिटल बोर्ड चौकात लावणाऱ्यांशी मी वाद घालायचं सोडून दिलंय.

घोळ होतो तो माफीपाशी. आरोपी शेवटी घरी गेला ना, मग निर्दोषच की, असं लोकांना वाटतं. पण राज्यपालांना माफीचा अधिकार देणारं घटनेचं १६१ वं कलम वाचा. त्यात ज्याला माफी द्यायची तो माणूस दोषी ठरलेला आहे हे गृहीतच धरलंय. राष्ट्रपतींच्या ७२ व्या कलमातही तेच. म्हणजे माफी आली याचाच अर्थ त्याआधी कुठल्यातरी कोर्टानं 'गुन्हा केला' असं म्हटलंय. निर्दोषाला माफी देणार कशाची?

आता नानावटीचं बघा. २७ एप्रिल १९५९ ला मुंबईत नौदलाचा कमांडर कावस नानावटी यानं बायकोच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. ज्युरीनं, म्हणजे कौल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, ८ विरुद्ध १ असा 'निर्दोष' कौल दिला. २०१६ च्या 'रुस्तम'मध्ये नायकाचं नाव बदललं, भ्रष्टाचाराचं एक उपकथानक चिकटवलं आणि ज्युरीच्या कौलापाशी गोष्ट आटोपली. टाळ्या, पडदा. माझ्या मित्राचा खटला तिथंच संपतो. खरा खटला तिथून पुढे सुरू होतो.

सेशन जज्जांना तो कौल कुठल्याच समंजस माणसाला पटण्यासारखा वाटला नाही, म्हणून त्यांनी प्रकरण थेट हायकोर्टाकडे पाठवलं. मार्च १९६० मध्ये हायकोर्टानं खुनाबद्दल जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. बचावाचं म्हणणं होतं की बायकोनं कबुली दिल्यावर माणसाचा तोल गेला. कोर्टानं घड्याळ बघितलं. नानावटी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाला. बायको-मुलांना सिनेमाला सोडलं. जहाजावर जाऊन 'रात्री एकट्यानं गाडी चालवत अहमदनगरला जायचंय' असं सांगून रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं घेतली. मग आहुजाचं ऑफिस, तिथं तो नाही म्हणून त्याचं घर, आणि चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या. तीन तास भान यायला पुरेसे होते, असं कोर्टानं म्हटलं. शिवाय झटापट झाली म्हणता, तर आंघोळ करून आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागचा हलला कसा नाही, हा प्रश्न उरलाच.

१९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली आणि नानावटी सुटला. पुढे तो कुटुंबासह कॅनडाला गेला. माझ्या मित्राच्या डोक्यात १९५९ चा कौल आणि १९६४ ची माफी एकमेकांना जोडल्या गेल्यात. मधली पाच वर्षं गायब.

माफीनं १९६१ चा निकाल पुसला गेला का? नाही. लॉच्या वर्गात 'गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ', म्हणजे अचानक डिवचलं गेल्यानं तोल जाणं, शिकवताना आजही तोच निकाल काढतात, वकील तोच दाखला देतात. अपिलात फिरलेल्या निकालाच्या नशिबी हे येत नाही. इंदिरा गांधी हत्येतला दोषी केहर सिंग याच्या दयेच्या अर्जाच्या प्रकरणात डिसेंबर १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच स्वच्छ सांगितलं. राष्ट्रपती पुरावा स्वतः तपासून वेगळ्या मताला येऊ शकतात, पण त्यानं कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये फेरफार होत नाही. निकाल फिरवायला वरचं कोर्टच लागतं. राज्यपाल आणि राष्ट्रपती शिक्षेचं बघतात.

शिक्षा बदलणं हे आणखी वेगळं, पण त्याला दोन ओळी पुरेत. गावित बहिणींचं आपल्याकडचंच प्रकरण घ्या. मुलांचं अपहरण आणि खून, २००१ मध्ये कोल्हापूरच्या सेशन कोर्टात फाशी, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. अर्जावर सरकारनं वर्षानुवर्षं काढली म्हणून जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली. त्या दिवशी आमच्या गल्लीत बातमी काय? 'सुटल्या!' अहो, कुठं सुटल्या? दोषी होत्या त्या दोषीच राहिल्या, फक्त दोर गेला. आणि चांगल्या वर्तनाबद्दल जेलमध्ये जे दिवस कमी होतात, त्यालाही कैदी 'माफी'च म्हणतात. ती राज्यपालांची माफी नव्हे.

'सत्य घटनेवर आधारित' आणि 'प्रेरित' यातला फरक निर्मात्याच्या वकिलाच्या सोयीचा, त्यात वेळ घालवू नका. नानावटी हा देशातला शेवटचा ज्युरी खटला, हेही कुणी सांगितलं तर मान हलवून पुढे जा. त्यानंतरही काही ठिकाणी ज्युरी बसत होती. मला खरा राग आहे तो हातोड्याचा. सिनेमातला प्रत्येक जज्ज टेबलावर हातोडा आपटून 'ऑर्डर, ऑर्डर' करतो. आमच्या कोर्टात इतक्या वर्षांत मी हातोडा एकदाच बघितला, तोही बाकाचा पाय ठोकायला आलेल्या सुताराच्या हातात.