घोगरा, बसका, कर्कश: आवाज नेमका कुठे बिघडतो?

घोगरा आणि कर्कश हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. स्वरयंत्राच्या दृष्टीने मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्कशपणा तर बहुधा दुखणंच नसतं.

बोलताना दोन स्वरतंतूंची उघडझाप चालते: पुरुषांत सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा, स्त्रियांत २०० च्या आसपास. ती एकसारखी असली की आवाज स्वच्छ. खूप ओरडल्यावर किंवा सर्दीखोकल्यात तंतू सुजून जड होतात, म्हणून पट्टी खाली उतरते. सूज दोन्हींवर सारखी नसेल, तर उघडझापीचा प्रत्येक फेरा थोडा लांब किंवा आखूड पडू लागतो. हा घोगरा आवाज. आवाजाची तीव्रता सेकंदाला ३० ते १५० वेळा कमीजास्त होत राहिली की कानाला खरखर जाणवते, ७० च्या सुमारास सर्वांत जास्त. त्याहून खूपच संथ चढउतार असेल, तर आपण आवाजाला कापरा म्हणतो.

बसक्या आवाजात तंतू पुरते मिटत नाहीत. फटीतून हवा निसटते आणि वाक्य पुरं होण्याआधीच दम संपतो.

कर्कश आवाजाचे तंतू धडधाकट असू शकतात. तिथे बराचसा जोर २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात एकवटलेला असतो. आपली कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब; ती नेमके ३ हजारांच्या आसपासचे ध्वनी वाढवते, म्हणून असा आवाज फार मोठा नसतानाही बोचतो. ‘भसाडा’ या शब्दात जाडपणा, मोठेपणा आणि बेसूरपणा एकत्र कोंबलेले आहेत, त्यामुळे तपासणीत त्याचा उपयोग नाही.

वाचातज्ज्ञ जपानमध्ये तयार झालेली ‘ग्रबास’ मोजणी वापरतात. एकूण बिघाड, खरखर, निसटती हवा, दुबळेपणा आणि ताण या पाच गोष्टींना ० ते ३ गुण द्यायचे. घरी ऐकायचं तर नेहमीच्या पट्टीत, नेहमीच्या जोराने ५ सेकंद ‘आ’ लावून रेकॉर्ड करा आणि मधले ३ सेकंदच ऐका. सुरुवात आणि शेवट निरोगी गळ्यातही खरखरीत निघतात. त्यावरून निदान केलं तर हमखास चुकतं. अगदी हळू ‘आ’ लावला तरीही फसगत होते, कारण तेव्हा हवा निसटतेच.

घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र दुर्बिणीने तपासून घ्यावं. धूम्रपान करणाऱ्यांनी किंवा गिळताना, श्वास घेताना त्रास होणाऱ्यांनी तेवढीही वाट पाहू नये.