काउंटीचा रंग आणि मेलेल्या गाईचा भाव

दर गुरुवारी सकाळी अमेरिकेत दुष्काळाचा नवा नकाशा निघतो. नेब्रास्का विद्यापीठातलं दुष्काळ केंद्र आणि केंद्र सरकारची शेती व हवामान खाती मिळून १९९९ पासून तो काढतात. शहरातला माणूस त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पण पश्चिम साउथ डकोटातल्या मीड काउंटीसारख्या गवताळ, गुरांवर जगणाऱ्या मुलखात आपली काउंटी पिवळी की लाल, यावर चाऱ्याचं अनुदान ठरतं. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत की बाहेर, यावर आपल्याकडे जीव टांगणीला लागतो, तसलाच हा प्रकार.

याची मुळं १९३४ च्या दुष्काळात आहेत. माळरानं करपली, चारा संपला, तेव्हा सरकारने आपत्तीग्रस्त ठरवलेल्या काउंट्यांमध्ये गुरं विकत घ्यायला सुरुवात केली. दर जनावरामागे १४ ते २० डॉलर. सुरुवातीला निम्म्याहून जास्त जनावरं इतकी खंगलेली होती की त्यांचं मांसही खाण्याजोगं नव्हतं. ती मारून टाकली. उरलेल्यांचं मांस गरजूंना वाटलं. सुमारे ८३ लाख गुरं अशी गेली. व्यवहार क्रूर होता, पण जनावर समोर उभं असायचं आणि मोजून पैसे मिळायचे.

नंतरच्या काळात ही मोजणीच सुटली. २००२ मध्ये दुष्काळासाठी म्हणून काढलेल्या भरपाई योजनेत नुकसान दाखवण्याची अटच नव्हती. काउंटी आपत्तीग्रस्त जाहीर झालेली असली आणि गोठ्यात गुरं असली, की झालं. पुढे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कुठल्याही प्रकारची आपत्ती चालेल असं ठरवलं. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळलं (कल्पना चावला त्यातच होत्या), त्याचे तुकडे पूर्व टेक्सासभर विखुरले, आणि त्या आपत्तीच्या घोषणेवर तिथल्या गाईवाल्यांनाही दुष्काळी मदत मिळाली! दोन वर्षांत १२० कोटी डॉलर वाटले गेले. त्यातले ६३.५ कोटी जिथे दुष्काळ मध्यम होता किंवा नव्हताच, अशा भागांत गेल्याचं वॉशिंग्टन पोस्टने २००६ मध्ये उघड केलं.

२००८ च्या शेती कायद्याने म्हणूनच शिस्त आणली. मेलेल्या जनावराला बाजारभावाच्या ७५ टक्के, पण पुरावा हवा; चाऱ्याची मदत त्या गुरुवारच्या नकाशाला बांधलेली. एकच गोम राहिली: या योजनांची मुदत सप्टेंबर २०११ ला संपत होती. ती संपली, आणि २०१२ मध्ये मोठा दुष्काळ पडला.

मग ऑक्टोबर २०१३. पश्चिम साउथ डकोटात आधी थंड पाऊस, मागोमाग हिमवादळ. गुरं अजून उन्हाळी कुरणांवरच होती, अंगावर हिवाळी केस आलेले नव्हते. हजारोंनी मेली, ओढ्यांत, कुंपणांलगत प्रेतं सापडत राहिली. योजना बंद होतीच, त्यात अंदाजपत्रकाच्या भांडणामुळे केंद्र सरकारचं कामकाज १ तारखेपासून ठप्प, म्हणून काउंटीच्या कृषी कचेरीलाही कुलूप. कायदा होईल न होईल, तरी लोक फोटो काढत, कानातले बिल्ले जपत, शेजाऱ्याला साक्षीला बोलावत राहिले.

ते कामी आलं. फेब्रुवारी २०१४ च्या कायद्याने या योजना कायमच्या केल्या आणि ऑक्टोबर २०११ पासूनचं नुकसानही धरलं. चाऱ्याच्या मदतीसाठी चराईच्या हंगामात सलग आठ आठवडे काउंटीवर 'तीव्र' दुष्काळाचा नारिंगी रंग लागे, किंवा एकदा तरी लाल. २०२५ च्या नव्या कायद्याने आठाचे चार आठवडे केले. त्याच कायद्यात आणखी एक बदल आहे: केंद्राने संरक्षण दिलेल्या किंवा पुन्हा रानात सोडलेल्या प्राण्याने, म्हणजे लांडग्यासारख्याने, गाय मारली तर पूर्ण बाजारभाव. हिमवादळाने मारली तर अजूनही ७५ टक्केच.