आजोबांच्या मृत्यूची नोंद शोधण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सातबारावर वारस नोंद लावायची असते, घराची वाटणी करायची असते किंवा जुन्या विम्याचे पैसे सोडवायचे असतात. अशा वेळी तलाठी किंवा बँकेतला अधिकारी विचारतो, "आजोबांचा मृत्यू दाखला कुठे आहे?" मग माणसे जुन्या नोंदी शोधून देणाऱ्या आमच्या कार्यालयात येतात. सिंधुदुर्गात हे काम कधी संपतच नाही. इथल्या कितीतरी सातबारांवर अजून आजोबा-पणजोबांचीच नावे आहेत आणि त्यांचे वारस मुंबई, पुणे, गोवा असे पांगलेले आहेत.

दाखला कसा मागायचा हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यामुळे अर्ज लिहिणे, ओळखपत्र जोडणे वगैरे इथे सांगत बसत नाही. हे पत्रक छापले आहे ते एकाच चुकीसाठी : नोंद चुकीच्या कार्यालयात शोधणे. ती चूक टाळलीत तर निम्मे काम घरी बसल्या होईल.

नोंद कुठे होते?

मृत्यूची नोंद प्राण जिथे गेला तिथल्या कार्यालयात होते. माणूस कुठला होता, रेशनकार्ड कुठले होते, दिवसकार्य कुठे झाले याचा तिच्याशी संबंध नाही. १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू झाल्यापासून हाच नियम आहे. गावात मृत्यू झाला असेल तर ग्रामपंचायत (पूर्वी ग्रामसेवक म्हणत ते आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहेत), सावंतवाडी-वेंगुर्ल्यासारख्या शहरात झाला असेल तर नगरपरिषद, मोठ्या शहरात महानगरपालिका आणि छावणीच्या हद्दीत झाला असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड. चालत्या गाडीत कोणी दगावले, तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबली त्या ठिकाणी कळवायचे असते.

आता आपल्या घरातली गोष्ट आठवून बघा. आजोबा गिरणीत होते. आजारी पडले, परळला केईएममध्ये दाखल केले, तिथेच गेले. तेरावे मात्र गावी घातले, कारण भावकी गावात होती. पन्नास वर्षांनी नातवाला काय आठवते? तेराव्याचा मांडव आणि गावजेवण. म्हणून तो ठामपणे सांगतो, "आमचो आजो गावातच गेलो." सांगणारा खोटे बोलत नसतो. दिवस कुठे घातले हे घरादाराला आठवते, जीव कुठे गेला हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

कुडाळ तालुक्यातल्या एका कुटुंबाची फाइल अशीच आली होती. ग्रामपंचायतीने नोंद सापडत नाही असे लिहून दिलेले, त्यावरून विलंबित नोंदीचा, म्हणजे मुदत उलटल्यावर करायच्या नव्या नोंदीचा, अर्जही तयार, फक्त सही बाकी. आम्ही नेहमीचा प्रश्न विचारला, "अग्नी कुठे दिला?" मुलगे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी फोनवर थोरल्या आत्याला गाठले. ती म्हणाली, "भोईवाड्याला. आम्ही एसटीने पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं." भोईवाडा म्हणजे परळची स्मशानभूमी. विलंबित नोंदीचा अर्ज तिथेच बाजूला ठेवला आणि शोध मुंबईत, महापालिकेच्या परळमधल्या एफ दक्षिण वॉर्डाकडे लावला. नोंद तिथे होती, नावासकट, गिरणीच्या चाळीच्या पत्त्यासकट.

मुंबईबाबत आणखी एक गोष्ट. तिथे मृत्यूचे कागद बऱ्याचदा स्मशानभूमीच्या कार्यालयातच भरून दिले जातात. म्हणून रुग्णालय कुठल्या वॉर्डात आणि स्मशानभूमी कुठल्या वॉर्डात, हे दोन्ही आम्ही विचारतो. केईएम एफ दक्षिणमध्ये येते, शिवाजी पार्कची स्मशानभूमी जी उत्तरमध्ये. "मुंबईत गेले" एवढ्यावर शोध लागत नाही. महापालिकेचे वॉर्ड वीसहून जास्त आहेत.

गोव्याच्या बाजूचेही तेच. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्यातून किती पेशंट गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात हे आपण सगळे जाणतो. बांबोळीच्या रुग्णालयात मृत्यू झाला तर नोंद गोवा राज्यात होते, आपल्या ग्रामपंचायतीत नाही. बेळगावात झाला तर कर्नाटकात, कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात झाला तर कोल्हापूर महानगरपालिकेकडे. बाहेरच्या राज्यातला दाखला महाराष्ट्रातही तितकाच ग्राह्य आहे. फक्त त्यावरचे इंग्रजी स्पेलिंग सातबारावरच्या नावाशी जुळते का ते आधी पाहा.

गावात नवी नोंद का करून देत नाही?

काही ग्राहक आमच्यावर नाराज होतात. म्हणतात, "मुंबईला कोण जाणार? ग्रामपंचायतीत नाही ना नोंद, मग इथेच नवी करून टाका, साक्षीदार आम्ही आणतो." हे काम आम्ही घेत नाही, आणि का घेत नाही ते स्पष्ट सांगतो.

एका माणसाच्या मृत्यूच्या दोन नोंदी झाल्या, दोन गावे, दोन तारखा, की त्या कधी ना कधी समोरासमोर येतातच. वाटणीत नाराज झालेला चुलत भाऊ मुंबईची नोंद काढून आणतो आणि प्रांताधिकाऱ्यांपुढे ठेवतो. मग फेरफार अडकतो, विक्री अडकते आणि ज्याने प्रतिज्ञापत्रावर सही केली तो खोटी माहिती दिल्याच्या प्रकरणात सापडतो. असे प्रतिज्ञापत्र बहुधा घरातला सर्वांत वयस्कर माणूस करून देतो. सत्तरीतल्या काकांना या वयात त्या फेऱ्यात ढकलायला आमचे मन तयार होत नाही.

शिवाय विलंबित नोंद आता पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही. घटनेला वर्ष उलटून गेले असेल तर नोंद आदेशाशिवाय होत नाही. तो आदेश पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टातून मिळत असे. २०२३च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. २०२५मध्ये राज्य शासनाने या अर्जांची पडताळणी आणखी कडक केली आणि पोलीस चौकशीही होते. खरी नोंद दुसरीकडे असताना या वाटेने जाणे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही पाण्यात घालणे.

साल आणि तारीख कशी काढायची?

"साधारण सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमारास" एवढ्यावर कोणताही कारकून पाच वर्षांची रजिस्टरे उलगडणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. साल जितके नेमके, तितका शोध लवकर. त्यासाठी घरातले कागद आधी बघा. रेशनकार्डावर नाव कधी कमी झाले? पेन्शन, गिरणीचा फंड, विम्याचा दावा यांच्या चिठ्ठ्या जुन्या ट्रंकेत असतातच.

कागद नसतील तर श्राद्धाची तिथी विचारा. वार्षिक श्राद्ध श्रावण वद्य पंचमीला करत असाल तर महिना, पक्ष आणि तिथी तिन्ही हातात आले. साल ठरले की त्या वर्षीच्या पंचांगावरून इंग्रजी तारीख काढता येते, आणि हे काम आम्ही शोध फीमध्येच करून देतो. मात्र पितृपक्षातल्या महालयावर विसंबू नका. त्यात महिना कळत नाही. आजी सवाष्ण गेली असेल तर तिचे महालय अविधवा नवमीला केले जाते, मग मृत्यूची तिथी कोणतीही असो. सर्वपित्री अमावास्येला करत असाल तर बहुधा तिथी माहीत नसल्यामुळेच करत असाल. म्हणून आमच्याकडे येताना वार्षिक श्राद्धाचीच तिथी सांगा.

साल ठरवायला घरातल्या घटना लावून बघा. गिरण्यांचा संप १९८२चा. आजोबा संपाच्या आधी गेले की नंतर? सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ला झाला, त्या आधीच्या कागदांवर जिल्हा रत्नागिरी असतो. मोठ्या आत्याचे लग्न झाले होते का? अशा दोन-तीन प्रश्नांत पाच वर्षांचा पल्ला एक-दोन वर्षांवर येतो.

आणि डिसेंबरअखेरचा मृत्यू असेल तर पुढच्या वर्षाचे रजिस्टरही बघायला सांगा. रजिस्टर चालते ते नोंदीच्या तारखेने. २८ डिसेंबरला गेलेल्या माणसाची नोंद जानेवारीत झाली असेल तर ती नव्या वर्षाच्या क्रमांकात मिळते. "नोंद नाही" म्हणून परत आलेल्या अर्जांत अशा नोंदी अनेकदा निघतात.

नावांचा घोळ

सातबारावर ज्ञानदेव, मृत्यूच्या रजिस्टरात आपा. बातमी द्यायला गेलेल्या शेजाऱ्याला आपाच ठाऊक. बायकांची नावे तर अजून अवघड. माहेरचे, सासरचे, घरातले हाकेचे, अशी तीन-तीन नावे असतात आणि रुक्मिणीची रखमा केव्हा झाली हे कोणालाच माहीत नसते. शोधाला येताना सगळी नावे लिहून आणा, लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. नावात चूक सापडली तर कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती होते. मूळ नोंद खोडली जात नाही, बाजूला समासात दुरुस्ती लिहितात. त्यासाठी पुरावा लागतो, म्हणून जुने कागद फेकू नका.

फार जुन्या नोंदी

स्वातंत्र्याच्या आसपासच्या आणि त्याआधीच्या मृत्यूंसाठी ग्रामपंचायतीत हेलपाटे घालू नका. तेव्हाच्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये असत, आणि ती पुस्तके उरली असतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. त्यातली बरीचशी मोडी लिपीत आहेत. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३पासून ही पुस्तके पुन्हा उघडली गेली, ही चांगली गोष्ट झाली. पण मोडी वाचणारा माणूस बरोबर नसेल तर पान समोर असूनही नोंद दिसत नाही. आमच्याकडे मोडी वाचणारे आहेत. या पुस्तकांतले "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा आणि "कोम" म्हणजे अमक्याची बायको, एवढे कळले तरी घरातली माणसे ओळखू येतात. दोडामार्ग पूर्वी सावंतवाडी तालुक्यात होते, त्यामुळे तिथल्या गावांसाठी दोन्हीकडे विचारावे.

दाखल्यावर काय नसते?

मृत्यूचे कारण नसते. विमा कंपनीने मागितले म्हणून ते दाखल्यावर घालून द्या असा आग्रह बरेच जण धरतात. नोंदणी कार्यालयाने दिलेल्या उताऱ्यात कारण उघड करायचे नाही, असे कायद्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट आहे. कारणाचा कागद रुग्णालयाकडे मागावा लागतो.

शोधूनही नोंद नाही मिळाली तर?

तर ज्या कार्यालयाच्या हद्दीत मृत्यू झाला त्याच कार्यालयाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या, नमुना १०. पुढच्या विलंबित नोंदीचा पाया तेच. चुकीच्या कार्यालयाचे अनुपलब्धता प्रमाणपत्र जोडले तर पुढची सगळी फाइल कच्ची राहते, आणि तेवढ्यासाठीच वरचे इतके लांबण लावले. नोंद खरोखरच झाली नसेल, तर विलंबित नोंदीची फाइल आम्ही पुराव्यानिशी तयार करून देतो आणि चौकशीला बरोबर येतो.

आमच्या फीबद्दल

नोंद सापडली नाही तरी शोध फी परत मिळत नाही. यावरून कुरबूर होते, म्हणून सांगतो. आमचा माणूस वॉर्ड ऑफिसात दिवस घालवतो, तो नोंद मिळाली तरी आणि नाही मिळाली तरी. पण आम्ही आधी तुमच्याकडून माहिती घेतो, आणि शोधण्याजोगे काही नसेल तर फी घेतच नाही, तसे तोंडावर सांगतो. सरकारी फीची पावती तुमच्या हातात देतो. आमची फी वेगळी लिहून देतो, दरफलक दारातच लावला आहे. "वरचे" म्हणून एक रुपयाही मागत नाही आणि देतही नाही.

मृत्यू गावातच झाला असेल, साल पक्के असेल, तर आमच्याकडे येऊच नका. ग्रामपंचायतीत अर्ज करा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली मृत्यू दाखला ही ठरलेल्या मुदतीत द्यायची सेवा आहे. अर्जाची पोच मात्र न विसरता घ्या. आमची गरज पडते ती मुंबई, गोवा, बेळगावच्या नोंदींना, मोडी पुस्तकांना आणि नावे जुळत नसलेल्या फाइलींना.

येण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला फोन करा आणि चार गोष्टी विचारून कागदावर लिहून आणा. शेवटचे दिवस कुठे काढले, अग्नी कुठे दिला, वार्षिक श्राद्धाची तिथी कोणती, घरात हाक काय मारायचे. आत्या, मावशी, काकी, जी कोणी असेल ती. पुरुषांना हे सहसा सांगता येत नाही, असा आमचा अनुभव आहे. सोबत सातबाराचा उतारा आणि जुन्या रेशनकार्डाची झेरॉक्स आणा. मूळ कागद आमच्याकडे ठेवायचे नाहीत, बघून लगेच परत देतो. आणि कोणत्याही जुन्या दाखल्याला लॅमिनेशन करू नका, नंतर त्यावर शिक्का मारता येत नाही.

कार्यालय सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उघडे असते, रविवारी बंद. मुंबईतले नातेवाईक गणपतीला आणि मे महिन्यात गावी येतात. तेव्हा गर्दी असते, आधी फोन करून वेळ घ्या.