जहाजासोबत चालणारा खळगा

अरुंद जलमार्गातून मोठं प्रवासी जहाज बंदरात शिरत असेल, तर सगळ्यांच्या नजरा त्याच्या उंचीवर खिळतात. माझं ऐकाल तर त्या वेळी काठावरच्या सर्वांत खालच्या पायरीकडे बघा. जहाज अजून पुरतं समोर आलेलंही नसतं आणि पाणी हळूच मागे सरू लागतं. शेवाळ धरलेली एक पायरी उघडी पडते, मग तिच्या खालची. दगडाला चिकटलेले शिंपले दिसू लागतात. बांधलेल्या होड्यांचे दोर ताणले जातात. जहाज पुढे सरकतं आणि गेलेलं पाणी एकदम परत येतं, आधीपेक्षा वर चढतं, मग हेलकावत शांत होतं. सगळं मिळून दोन-चार मिनिटांत आटोपतं. भरती-ओहोटीचा याच्याशी काही संबंध नसतो.

जहाज आपल्यासोबत पाण्यात एक लांबट खळगा घेऊन चालत असतं. बंदरातलं बरंचसं नौकानयन हे या खळग्याला सांभाळून घेण्याचं काम आहे.

तो तयार कसा होतो? जहाज पुढे जायचं तर समोरचं पाणी कुठेतरी गेलं पाहिजे आणि मागे रिकामी होणारी जागा भरली पाहिजे. म्हणजे पुढचं पाणी जहाजाच्या बाजूंनी आणि बुडाखालून मागे वाहणार. भर समुद्रात त्याला मुबलक वाट मिळते. बंदराकडे जाणाऱ्या खोदीव मार्गात मात्र खाली गाळाचा तळ आणि दोन्ही बाजूंना काठ असतात. उरलेल्या फटीतून तेवढंच पाणी काढायचं तर ते वेगाने वाहावं लागतं. प्रवाहाचा वेग वाढला की त्याचा दाब कमी होतो, हा डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्ये मांडलेला नियम. वरून उघड्या असलेल्या पाण्यात दाब कमी होणं म्हणजे पातळी खाली जाणं. आणि जहाज त्याच खाली गेलेल्या पाण्यावर तरंगत असल्यामुळे तेही खाली बसतं. नाविक याला ‘स्क्वॉट’ म्हणतात, म्हणजे शब्दशः उकिडवं बसणं.

ढोबळ हिशेब करून पाहू. मार्ग १५० मीटर रुंद आणि १४ मीटर खोल आहे. जहाज ४० मीटर रुंद आहे आणि पाण्याखाली ९ मीटर आहे. म्हणजे वाटेचा सुमारे सहावा हिस्सा जहाजानेच अडवला. ते ८ नॉटने, म्हणजे ताशी साधारण १५ किलोमीटरने चाललं, तर आजूबाजूचं पाणी जवळपास ४० सेंटिमीटर उतरतं. वेग दुप्पट केला की हा आकडा चौपट होतो: दीड मीटरच्याही वर. वेगाचा वर्ग होतो ही यातली खरी मेख आहे. अनेक बंदरांत जहाजाच्या बुडाखाली किमान अंतर ठेवायचं ते जहाजाच्या बुडालेल्या खोलीच्या दहाव्या हिश्शाइतकं. ९ मीटरच्या जहाजासाठी ते ९० सेंटिमीटर झालं. ८ नॉटला त्यातलं जवळपास निम्मं या बसण्यातच जातं. १६ नॉटला ते पुरणारच नाही.

७ ऑगस्ट १९९२ रोजी ‘क्वीन एलिझाबेथ २’ या प्रवासी जहाजाच्या वाट्याला हेच आलं. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ, कटीहंक बेटालगत, ते सुमारे २५ नॉटने चाललं होतं. वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, म्हणजे पायलट, जहाजावर होता. नकाशात तिथली खोली ३९ फूट होती आणि जहाजाला साधारण ३२ फूट पाणी लागत होतं, म्हणजे कागदावर सात फूट शिल्लक. पण नकाशामागची मोजणी १९३९ ची होती, खडक प्रत्यक्षात अधिक उथळ होते आणि त्या वेगाला जहाज अधिकाऱ्यांच्या अंदाजापेक्षा बरंच खाली बसलं. जहाजाचं बूड खडकांवर घासत गेलं. सुदैवाने प्रवाशांना इजा झाली नाही. जहाज उभं असतं तेव्हा त्याला लागणारी खोली आणि ते धावताना लागणारी खोली हे दोन वेगळे आकडे आहेत, हे त्या दिवसानंतर पुष्कळ जणांना नव्याने कळलं.

खळगा फक्त खालीच ओढतो असं नाही. दोन जहाजं शेजारून गेली की त्यांच्यामधलं पाणी सर्वांत वेगाने वाहतं, तिथला दाब सर्वांत कमी होतो आणि ती एकमेकांकडे खेचली जातात. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदराला हा धडा लागोपाठ दोनदा मिळाला. २० सप्टेंबर १९११ रोजी बंदराबाहेरच्या सोलंट सामुद्रधुनीत ‘ऑलिम्पिक’ हे त्या काळचं सर्वांत मोठं प्रवासी जहाज आणि ‘हॉक’ ही युद्धनौका समांतर चालल्या होत्या. अचानक ‘हॉक’ वळली आणि तिचं टोक ‘ऑलिम्पिक’च्या कुशीत घुसलं. पुढे खटला चालला आणि मोठ्या जहाजाच्या ओढीचा मुद्दा न्यायालयात आला.

पुढचा प्रसंग १० एप्रिल १९१२ चा. ‘टायटॅनिक’ पहिल्या प्रवासाला निघत होतं. कप्तान एडवर्ड स्मिथ आणि बंदराचे पायलट जॉर्ज बोयर ही जोडी ‘ऑलिम्पिक’च्या अपघाताच्या वेळचीच. गोदीतून बाहेर पडताना वाटेत ‘न्यूयॉर्क’ हे जहाज दुसऱ्या एका जहाजाला खेटून बांधलेलं होतं. ‘टायटॅनिक’ जवळून जाऊ लागताच त्याच्यासोबतचा खळगा ‘न्यूयॉर्क’ला भिडला. जहाज वरखाली झालं, दोरखंड तटातट तुटले आणि त्याची मागची बाजू मोकळी होऊन ‘टायटॅनिक’कडे झुलत निघाली. ‘व्हल्कन’ नावाच्या टगने, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटीने, कसाबसा दोर टाकून ती धरली आणि ‘टायटॅनिक’ची यंत्रं उलटी फिरवण्यात आली. मध्ये राहिलेलं अंतर होतं सव्वा मीटरच्या आसपास. ‘टायटॅनिक’ म्हटलं की सगळ्यांना हिमनग आठवतो. मला मात्र आधी हे सव्वा मीटर आठवतं, कारण ते भर दुपारी, बंदरातल्या शांत पाण्यावर, गर्दीच्या डोळ्यांदेखत घडलं.

काठही तसाच वागतो. मार्गाच्या मधोमध न राहता जहाज एका कडेला सरकलं, तर त्या बाजूची फट अरुंद होते, तिथला दाब उतरतो आणि जहाजाचा मागचा भाग काठाकडे ओढला जातो. पुढचं टोक उलट काठापासून दूर ढकललं जातं. सुकाणू न फिरवताच जहाज समोरच्या काठाकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या जहाजाच्या वाटेत वळू पाहतं.

या सगळ्यावर सोपा उपाय दिसतो: हळू चला. पण इथेच प्रवासी जहाजांची अडचण सुरू होते. ही जहाजं उंच असतात, खोल नसतात. ‘ओअॅसिस ऑफ द सीज’ पाण्यावर ७२ मीटर आहे आणि पाण्याखाली सव्वानऊ मीटरच्या आसपास. अशा जहाजाची कूस म्हणजे एक पोलादी शीडच. ३०० मीटर लांब आणि ४० मीटर उंच बाजूवर २५ नॉटचा आडवा वारा आदळला, तर साधारण १२० टनांचा रेटा बसतो. वेगात असताना सुकाणू त्याला पुरून उरतं. वेग कमी झाला की सुकाण्यावरून वाहणारं पाणी मंदावतं, त्याची पकड जाते, वाऱ्याचा रेटा मात्र तेवढाच राहतो. मग वाहून जाऊ नये म्हणून तोंड थोडं वाऱ्याकडे करून, खेकड्यासारखं तिरकं चालावं लागतं. ३०० मीटर लांबीचं जहाज फक्त ५ अंश तिरकं झालं, तरी ४० मीटर रुंदीच्या जागी त्याला ६६ मीटरची वाट लागते. वाट रुंद लागली की काठ जवळ येतो आणि काठ जवळ आला की पुन्हा तीच ओढ. जोरात गेलं तर तळ वर येतो, हळू गेलं तर वारा नेतो. या दोहोंमधला वेग शोधणं ही पायलटची खरी विद्या आहे. (पायलट म्हटलं की आज विमान डोळ्यांपुढे येतं, पण हा शब्द मुळात समुद्रावरचा.) वाट कुठे गाळाने उथळ झाली आहे, ओहोटीचा ओढा कोणत्या वळणावर आडवा येतो, हे त्याला रोजच्या येण्याजाण्याने माहीत असतं. त्याच्यासाठीच बंदराबाहेर छोटी बोट चालत्या जहाजाला येऊन भिडते आणि तो दोरशिडीने वर चढतो.

गेल्या काही दशकांत त्याच्या हाती चांगली साधनं आली. १९९८ च्या ‘इलेशन’ या प्रवासी जहाजापासून पंख्यासकट ३६० अंशांत फिरणाऱ्या विजेच्या मोटारी, म्हणजे अॅझिपॉड, बसू लागल्या. पंखा स्वतःच वळत असल्यामुळे जहाज जवळपास थांबलेलं असतानाही मागचं टोक हवं तिकडे ढकलता येतं. पुढच्या टोकाला बुडात आरपार बोगदे असतात आणि त्यांतले पंखे पाणी आडवं फेकतात. ‘ओअॅसिस’ला असे चार पंखे आहेत, प्रत्येकी साडेपाच मेगावॉटचे. मात्र जहाज पाच-सहा नॉटच्या वर गेलं की बाहेर पडणारा झोत शेजारच्या प्रवाहात वाकतो आणि आडवा जोर बराचसा वाया जातो. म्हणून वारं अंगावर आलं की टग अजूनही बोलवावे लागतात.

पाण्याकाठच्या शहरालाही या खळग्याची किंमत मोजावी लागते. व्हेनिसमध्ये जून २०१९ मध्ये एक मोठं प्रवासी जहाज जुदेक्का कालव्यात ताबा सुटून धक्क्यावर आदळलं. १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनेजच्या वरच्या जहाजांना तो कालवा बंद झाला. पण त्याच खाजणातल्या मार्घेराकडच्या कालव्यात जहाजांसोबत चालणाऱ्या खळग्यांनी काठची चिखलाची उथळ जमीन खरवडली जाते, हे संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. जहाजांचा धूर दिसतो म्हणून त्यावर बोललं जातं. पाण्याची ही ओढ दिसत नाही, आणि तिची नोंद बंदरशहरांनी तितक्याच गांभीर्याने ठेवायला हवी असं मला वाटतं.

याच ओढीचा एकदा उपयोगही करून घेतला गेला. २००९ च्या शरदात ‘ओअॅसिस’ फिनलंडच्या गोदीतून बाहेर पडलं, तेव्हा डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाखाली ६५ मीटर जागा होती. धुराडी दुर्बिणीच्या नळीसारखी आत ओढून घेतली, तरी वर जेमतेम ६० सेंटिमीटर उरत होते. पुलाखालचं पाणी उथळ. तेव्हा जहाज सावकाश नेण्याऐवजी मुद्दाम वेगात नेलं गेलं, म्हणजे ते आणखी खाली बसेल.

तुम्ही कधी अशा जहाजाच्या कठड्याशी उभे असाल, तर बंदरातून जाताना धक्क्याला बांधलेल्या जहाजांचे दोरखंड बघा. तुमचं जहाज जवळ येताना काही दोर ताठ होतात. तुम्ही पुढे गेलात की ते सैल पडतात आणि दुसरे ताणले जातात. मग सगळं जहाज धक्क्यालगत थोडंसं पुढे-मागे सरकतं. जहाज पुरेसं हळू चाललं असेल, तर तेवढ्यावरच निभावतं.