गुलामीतून सुटलेल्यांचे अर्ज : अमेरिकेच्या पुनर्रचनाकाळातील मतदारनोंदणी, जमीन आणि विधवा-निवृत्तिवेतन

अमेरिकेच्या राज्यघटनेतील तेराव्या दुरुस्तीला ६ डिसेंबर १८६५ रोजी आवश्यक तेवढ्या राज्यांची मान्यता मिळाली आणि गुलामी कायद्याने संपुष्टात आली. गुलामी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेकडील राज्ये आणि संघराज्य यांच्यातील यादवी युद्धाच्या आरंभी या देशात सुमारे ४० लाख गुलाम होते. त्यांतील बहुतेकांना सुटकेसाठी कोणाकडे अर्ज करावा लागला नाही. पुढच्या प्रत्येक गोष्टीसाठी मात्र तो करावा लागला. मतदार यादीत नाव घालणे असो, सरकारी जमीन मिळवणे असो, लग्नाची नोंद असो किंवा लढाईत मेलेल्या नवऱ्याचे निवृत्तिवेतन असो, प्रत्येकाची कचेरी, मुदत आणि शपथ वेगवेगळी होती. खरी अडचण कागदांची होती. गुलामांच्या लग्नाला दक्षिणेत कायद्याची मान्यता नव्हती, मुलांच्या जन्माची नोंद झालीच तर ती मालकाच्या वहीत मालमत्ता म्हणून होत असे, आणि अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हाच गुन्हा होता. ज्यांच्याजवळ दाखला असणे शक्यच नव्हते, त्यांच्याकडून पुरावा म्हणून काय स्वीकारायचे, हा प्रश्न युद्धानंतर दक्षिणेची घडी नव्याने बसवण्याच्या, म्हणजे पुनर्रचनेच्या, काळातील प्रत्येक प्रक्रियेच्या मुळाशी आहे, आणि तोच धरून पुढील माहिती दिली आहे.

या कामांसाठी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ३ मार्च १८६५ रोजी युद्धखात्याच्या अखत्यारीत एक स्वतंत्र विभाग स्थापन केला. फ्रीडमेन्स ब्यूरो या नावाने तो ओळखला जातो आणि जनरल ऑलिव्हर हॉवर्ड हे त्याचे आयुक्त होते. मजुरीचे लेखी करार तपासणे, शिधा वाटणे, शाळांना मदत करणे, तक्रारी ऐकणे ही कामे ब्यूरोचे स्थानिक अधिकारी करीत, आणि अर्जदाराला लिहिता येत नसेल तर त्याचा अर्ज बहुधा याच कचेरीत लिहिला जाई. १८७२ मध्ये हा विभाग बंद झाला.

जमीन : सर्वांत आधी आलेली आणि सर्वांत लवकर हातची गेलेली

संघराज्याच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी १६ जानेवारी १८६५ रोजी सव्हाना येथून काढलेला विशेष आदेश क्रमांक १५ हा जमीनवाटपाचा पहिला मोठा आदेश होता. दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडा यांच्या किनाऱ्यावरील बेटे आणि भातखाचरे त्यात राखून ठेवली होती. अर्जाची पद्धत अगदी साधी होती. कुटुंबप्रमुख असलेल्या तीन प्रतिष्ठित कृष्णवर्णीयांनी एकत्र येऊन जागा निवडायची, मग वसाहत-निरीक्षकाने तिथे राहण्याचा परवाना द्यायचा आणि प्रत्येक कुटुंबाला जास्तीत जास्त ४० एकर मिळायचे. पण आदेशाने मिळत होता तो ताबा. मालकीहक्काचा निर्णय काँग्रेसवर सोपवलेला होता, आणि सारा घोटाळा इथेच झाला. सुमारे ४०,००० माणसे या जमिनीवर स्थिरावली, तोवर अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांना माफी देऊन मालमत्ता परत करायला सुरुवात केली. ऑक्टोबर १८६५ मध्ये दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील एडिस्टो बेटावर जाऊन हा निर्णय तिथल्या लोकांना सांगण्याचे काम हॉवर्ड यांच्याच वाट्याला आले. जुलै १८६६ च्या कायद्याने, ज्यांच्याकडे शर्मन आदेशाखालचा वैध परवाना होता त्यांना दक्षिण कॅरोलायनाच्या ब्यूफोर्ट भागात २० एकरांपर्यंतची जमीन दीड डॉलर एकर या दराने विकत घेण्याची सोय ठेवली. ज्यांनी परवान्याचा तो कागद जपून ठेवला होता, त्यांना निदान एवढे तरी मागता आले.

दुसरा मार्ग २१ जून १८६६ च्या सदर्न होमस्टेड कायद्याचा होता. अलाबामा, आर्कान्सा, फ्लोरिडा, लुइझियाना आणि मिसिसिपी या पाच राज्यांतील सरकारी जमीन त्याने खुली केली, आणि वर्ण किंवा वंश पाहून भेद करू नये असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पहिली दोन वर्षे ८० एकरांची मर्यादा होती. अर्जदाराने पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसायची, त्यानंतर मालकीपत्र मिळायचे. १ जानेवारी १८६७ पर्यंत अर्ज करणाऱ्याला, आपण अमेरिकेविरुद्ध शस्त्र धरलेले नाही आणि शत्रूला साहाय्य केलेले नाही, अशी जादा शपथ घ्यावी लागे. त्यामुळे मुक्त झालेल्यांना सहा महिन्यांची आघाडी मिळेल अशी अपेक्षा होती. मात्र बहुतेक शेतमजूर वर्षअखेरीपर्यंतच्या कराराने बांधलेले असत, म्हणजे करार संपला त्याच सुमारास आघाडीही संपली. शिवाय उरलेली जमीन बहुतांशी जंगलाची किंवा दलदलीची होती, आणि बैल, नांगर, बियाणे यांसाठी पैसा कुठून आणायचा हे कायद्यात कुठेच नव्हते. १८७६ मध्ये हा कायदा रद्द झाला.

मतदार म्हणून नाव नोंदवणे

मतदानाच्या हक्काची प्रक्रिया २ मार्च, २३ मार्च आणि १९ जुलै १८६७ च्या तीन पुनर्रचना कायद्यांत आहे. नागरिकत्वाची हमी देणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीला आधीच मान्यता दिलेले टेनेसी वगळून बंडखोर दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग करण्यात आले आणि प्रत्येक विभागाच्या सेनापतीवर मतदारनोंदणीची जबाबदारी टाकण्यात आली.

पात्रतेच्या अटी मोजक्या होत्या. अर्जदार पुरुष असावा, त्याला २१ वर्षे पूर्ण झालेली असावीत, तो नागरिक असावा आणि निवडणुकीच्या दिवसापर्यंत त्या राज्यात त्याचा एक वर्षाचा रहिवास झालेला असावा. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामीची अवस्था कोणतीही असली तरी चालेल, असे कायद्याचे शब्द होते. स्त्रियांना, मग त्या गोऱ्या असोत वा काळ्या, यात जागा नव्हती. अपात्रता होती ती मुख्यतः दुसऱ्या बाजूची : ज्यांनी युद्धापूर्वी सरकारी पदावर असताना राज्यघटनेची शपथ घेतली आणि पुढे बंडात भाग घेतला, त्यांचे नाव नोंदवले जात नसे. अध्यक्षांनी दिलेली माफी दाखवून ही अपात्रता टाळता येणार नाही, असेही जुलैच्या कायद्याने ठरवून टाकले. जॉन्सन माफीपत्रे किती सढळ हाताने वाटत होते ते पाहता या कलमाची गरज होतीच.

नोंदणी तीन सदस्यांच्या मंडळासमोर होत असे, आणि युद्धात आपण बंडखोरांना कधीही मदत केली नाही अशी कडक शपथ या सदस्यांना घ्यावी लागे. दक्षिणेतील बहुसंख्य गोऱ्या अधिकाऱ्यांना अशी शपथ खरेपणाने घेता येण्यासारखी नव्हती, त्यामुळे मंडळांवर उत्तरेतून आलेली माणसे, युद्धातही संघराज्याशी निष्ठावंत राहिलेले स्थानिक गोरे आणि कित्येक ठिकाणी नुकतेच मुक्त झालेले पुरुष दिसू लागले. जॉर्जिया, अलाबामा आणि फ्लोरिडा यांच्या विभागात जनरल पोप यांनी प्रत्येक मंडळावर एक कृष्णवर्णीय सदस्य घ्यावा असे ठरवले होते.

अर्जदाराने सोबत काय आणायचे, याचे उत्तर थक्क करणारे आहे, कारण काहीच आणायचे नव्हते. जन्माचा दाखला, कर भरल्याची पावती, मालमत्तेचा उतारा यांपैकी एकही कागद मागितला जात नसे आणि वाचता येणे ही अट नव्हती. कायद्यात छापलेली एक शपथ मंडळासमोर घ्यायची. मी या राज्याचा नागरिक आहे, इतके महिने इथे राहतो आहे, मला २१ वर्षे झाली आहेत, बंडामुळे किंवा गंभीर गुन्ह्यामुळे माझा मताधिकार गेलेला नाही आणि मी अमेरिकेच्या राज्यघटनेला निष्ठेने पाठिंबा देईन, असा तिचा आशय होता. सही येत नसेल तर फुलीची खूण करायची. खोटी शपथ घेतल्यास खोट्या साक्षीबद्दलची शिक्षा होती, आणि शंका असल्यास चौकशी करून नाव नाकारण्याचा अधिकार मंडळाला होता. ज्याला आपल्या जन्माचे वर्ष ठाऊक नाही त्याच्या वयाचा पुरावा म्हणजे त्याचा स्वतःचा शब्द, हे तत्त्व कायद्याने इथे मान्य केले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याच राज्यांत गोऱ्या माणसाविरुद्धच्या खटल्यात गुलामाची साक्ष चालत नसे, हे लक्षात घेतले म्हणजे या शपथेचे वजन कळते.

नोंदवहीत नाव, वर्ण, राज्यातील व काउंटीतील (जिल्ह्यासारख्या विभागातील) रहिवासाचा काळ, जन्मस्थान असे रकाने असत. पुष्कळांना आडनाव सांगण्याची ही पहिलीच अधिकृत वेळ होती. कोणी जुन्या मालकाचे आडनाव दिले, कोणी बापाचे, तर कोणी स्वतः निवडलेले, आणि या निवडीचे परिणाम पुढे निवृत्तिवेतनाच्या अर्जात कसे भोगावे लागले ते खाली येईलच. मुदत मूळ कायद्यात १ सप्टेंबर १८६७ होती, ती १ ऑक्टोबरपर्यंत वाढवता येईल अशी तरतूद नंतर झाली. निवडणुकीच्या १४ दिवस आधीपासून पाच दिवस यादी पुन्हा उघडून नावे घालण्याची व काढण्याची मुभा मंडळाला होती. अशा रीतीने ७ लाखांहून अधिक कृष्णवर्णीय पुरुषांची नोंद झाली, आणि अलाबामा, फ्लोरिडा, लुइझियाना, मिसिसिपी व दक्षिण कॅरोलायना या पाच राज्यांच्या यादीत तेच बहुसंख्य ठरले. नव्या राज्यघटना लिहिणाऱ्या परिषदांचे सदस्य त्यांच्या मतांनी निवडले गेले.

ही सोपी प्रक्रिया पुढे नेमकी उलटवण्यात आली. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत राज्यातला दोन वर्षांचा व मतदानक्षेत्रातला एक वर्षाचा रहिवास, दोन डॉलरचा मतदानकर आणि घटनेचे कलम वाचून किंवा समजावून सांगण्याची परीक्षा घातली. कलम नीट समजले की नाही हे ठरवणार नोंदणी अधिकारी. पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली होती आणि मिसिसिपीच्या कलमांत वर्णाचा उल्लेखही नव्हता. काम पावत्यांनी आणि परीक्षेने भागवले गेले.

नवरा-बायको असल्याचा पुरावा

संघराज्याच्या सैन्यात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांच्या विधवांना १८६२ च्या निवृत्तिवेतन कायद्याप्रमाणे, नवरा साधा शिपाई असल्यास, महिन्याला ८ डॉलर मिळायला हवे होते. पण कायद्याला विवाहाचा दाखला लागे आणि गुलामांचा विवाह कायद्याच्या लेखी झालेलाच नसे. त्यावर ४ जुलै १८६४ च्या कायद्याने तोड काढली. सैनिक भरती होण्यापूर्वी किमान दोन वर्षे दोघे एकमेकांना नवरा-बायको मानून एकत्र राहत होते, असे विश्वसनीय साक्षीदारांनी शपथेवर सांगितले तर तेवढे पुरेसे मानले जाई. दोन वर्षांची अट १८६६ मध्ये काढून टाकण्यात आली. असाच निकष ३ मार्च १८६५ च्या ठरावातही होता, ज्याने कृष्णवर्णीय सैनिकांच्या बायकामुलांना मुक्त केले. केंटकीसारख्या, युद्धात न फुटलेल्या गुलाम-राज्यात तेरावी दुरुस्ती येईपर्यंत बाईची सुटका या एका नात्याच्या पुराव्यावर अवलंबून होती.

लग्नाची स्वतंत्र नोंद करण्याचीही सोय झाली. उत्तर कॅरोलायनाने १८६६ मध्ये एकत्र राहणाऱ्या जोडप्यांनी काउंटी लिपिकासमोर किंवा न्यायाधिकाऱ्यासमोर येऊन कबुली द्यावी असे ठरवले, त्याला २५ सेंट शुल्क होते. मिसिसिपीत लष्करी अधिकाऱ्यांनी भरलेल्या विवाहनोंदींत एक वेगळाच रकाना सापडतो : यापूर्वी दुसऱ्या जोडीदाराबरोबर किती वर्षे राहिलात आणि कशामुळे वेगळे झालात. उत्तरांत कुठे मृत्यू आहे, कुठे बळजबरीने केलेली ताटातूट. विक्रीने मोडलेल्या संसारांची याहून थेट सरकारी नोंद क्वचितच आढळेल.

विधवेने अर्ज करताना नवऱ्याची सेवा, त्याचा मृत्यू, विवाह, १६ वर्षांखालील मुलांच्या जन्मतारखा आणि स्वतःची ओळख, एवढे सगळे सिद्ध करायचे असे. सेवेची नोंद युद्धखात्याकडे मिळे. जन्मतारखांसाठी सुईणीची साक्ष, पूर्वीच्या मालकिणीचे शपथपत्र, कोणत्या पिकाच्या हंगामात मूल झाले याची शेजाऱ्यांची आठवण, असे काहीही जोडले जाई. नवरा एका आडनावाने भरती झालेला आणि दुसऱ्याने जगलेला असला तर ती दोन्ही नावे एकाच माणसाची, हे दाखवणारी वेगळी शपथपत्रे लागत. शंका आल्यास विशेष तपासनीस गावात येऊन जबान्या घेई, आणि त्या जबान्या बहुधा बाई कोणाची गुलाम म्हणून जन्मली इथून सुरू होत. पुनर्विवाह झाला की वेतन बंद होई, आणि ऑगस्ट १८८२ च्या कायद्याने विवाहाबाहेरचे सहजीवनही वेतन बंद करण्याचे कारण ठरवले. अर्ज लिहून देणाऱ्या दलालाचे शुल्क कायद्याने १० डॉलरवर बांधले होते, तरी फसवणूक एवढी चाले की कृष्णवर्णीय सैनिकांचे भरतीचे इनाम १८६७ पासून ब्यूरोमार्फत देण्याचे ठरले.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील ज्या लोकांना गुलामी नष्ट केल्याबद्दल अर्पण केली, त्यांच्या काँग्रेसने त्याच वर्षी हे निवृत्तिवेतन कायदे एकत्र करून पुन्हा मंजूर केले. साक्षीदारांवर भिस्त ठेवण्याची तरतूद त्यातही कायम होती.

ही प्रक्रिया प्रत्यक्षात कशी चाले, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण, स्वतः गुलामीतून निसटून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांचे आहे. त्यांचे पती नेल्सन डेव्हिस १८८८ मध्ये वारले. ते सैन्यात नेल्सन चार्ल्स या नावाने भरती झालेले असल्याने दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे टबमन यांना शपथेवर सांगावे लागले, आणि ८ डॉलर महिन्याचे वेतन सुरू व्हायला १८९५ उजाडले. युद्धात त्यांनी स्वतः परिचारिका, स्वयंपाकीण आणि हेरांची प्रमुख म्हणून काम केले होते, त्याच्या मोबदल्याची मागणी त्यांनी स्वतंत्रपणे केली. १८९९ मध्ये काँग्रेसने त्यांचे वेतन २० डॉलर केले, पण त्यासाठी जी सेवा विचारात घेतली ती परिचारिकेची.