नळीकाम, घरगुती

नळीकाम, घरगुती : साधारणपणे ३ ते १२ मिमी. बाह्यव्यासाच्या धातूच्या नळ्यांचे ठरावीक लांबीचे तुकडे करणे, त्यांची टोके काटकोनात आणणे आणि आतबाहेरची बर (कापताना कडेला उरणारी धातूची धारदार किनार) काढणे. आगगाड्यांच्या प्रतिकृती, शाईपेने व दुर्बिणींचे जोडभाग यांसाठी हौशी कारागीर हे काम करतात. ठाण्यातील वागळे इस्टेट ही १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत होय. तेथील व खाडीपलीकडच्या रबाळे-महापे पट्ट्यातील गाळ्यांत लेथचे (धातू फिरवून कातणाऱ्या यंत्राचे) जॉबवर्क चालत असल्याने घरी न जमणारा भाग बाहेरून करून घेता येतो. पितळी नळ्यांसाठी मुंबईची गुलालवाडी आणि हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट प्रसिद्ध आहे.

कापण्यातील मुख्य अडचण नळीची भिंत पातळ असल्याने उद्भवते. हॅकसॉच्या (धातू कापण्याच्या करवतीच्या) बारीक पात्यास इंचाला ३२ दाते असतात, म्हणजे दोन दात्यांतील अंतर सुमारे ०.८ मिमी. भरते. ६ मिमी. व्यासाची व ०.५ मिमी. भिंतीची नळी कापताना पाते आतल्या पोकळीत उतरेपर्यंत कापाची रुंदी सुमारे ३.३ मिमी.पर्यंत वाढत जाते व तोवर चार दाते धातूवर टेकतात. पुढे मात्र पाते केवळ दोन बाजूंच्या पातळ भिंतींवर चालते, दाता अडकतो आणि नळी चेपते. म्हणून पाते आत शिरताच नळी थोडी फिरवून पुढचा भाग कापावा, हे उत्तम. आत लाकडी दांडी बसवल्यास भिंतीला आधार मिळतो. चाकाचा पाइप कटर सरळ रेषेत कापतो, पण धातू आत दाबतो. त्यामुळे तोंड अरुंद होते व रीमर (भोक आतून रुंद करणारे हत्यार) फिरवणे अटळ ठरते. तुकडा किंचित लांब कापून, नळीच्या मापाचे काटकोनी भोक असलेल्या पोलादी ठोकळ्यात धरून, टोक कानशीने ठोकळ्याच्या पातळीपर्यंत घासतात. हा उपाय लेथ नसलेल्यांना विशेष सोयीचा आहे.

पितळी नळ्यांना कालांतराने पडणाऱ्या उभ्या तड्यांचा प्रश्न अधिक वादग्रस्त आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, पावसाळ्यात साठवलेली पितळी काडतुसे तडकत. याचे कारण ओढकामात (धातू साच्यातून ओढून आकार देताना) धातूत उरलेला ताण हेच, असे एक मत होते. दुसऱ्या मतानुसार दोष तबेल्यांच्या हवेतील अमोनियाचा होता. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ताण व अमोनिया दोन्ही एकत्र आल्यास तडा जातो असे दाखवले, आणि तेच मत आज अधिक ग्राह्य वाटते. कापून तयार केलेल्या तुकड्यातही ओढकामाचा ताण उरतोच, म्हणून अमोनियायुक्त पॉलिशने पितळ चकाकवणे टाळावे. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमानावर तासभर तापवल्यास ताण बराच उतरतो आणि कडकपणा जवळजवळ टिकतो. उघड्या ज्योतीवर मात्र तापमान आवरत नाही व पितळ मऊ पडते.

बर काढण्यासाठी त्रिकोणी खरवडणी किंवा नळीच्या भोकापेक्षा मोठे ड्रिल हाताने हलके फिरवतात आणि शेवटी ४०० व ६०० क्रमांकाचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरतात. ॲल्युमिनियमचा कीस कानशीच्या दात्यांत भरतो, तो टाळण्यासाठी कानशीला खडू चोळतात. साध्या पोलादाच्या तुकड्यांना कोकणपट्टीच्या दमट हवेत लगेच तेल लावावे लागते.