गाव आटलं, म्हातारं झालं, कॅन्सर वाढला

गणपतीला चाकरमानी गावी आले की आरतीनंतरच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो. कुणाच्या आईला स्तनाचा, वरच्या वाडीतल्या मास्तरांना प्रोस्टेटचा, तिठ्यावरच्या दुकानदाराला तोंडाचा. बोटं मोजून झाली की कोणीतरी म्हणतंच, "आधी असां काय नव्हतां." मग आरोपी उभे राहतात: आंब्यावरची फवारणी, लोट्याचे रासायनिक कारखाने, मोबाइलचा टॉवर, झालंच तर अजून बांधलाही न गेलेला जैतापूरचा अणुप्रकल्प.

टॉवरला आत्ताच सोडून देऊ. त्याच्या लहरींत रेणूतला बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. ती उन्हातल्या अतिनील किरणांत असते. फवारणी आणि कारखान्यांकडे शेवटी येतो.

"आधी नव्हतां" हे अर्धंच खरं. आधी निदान नव्हतं. माणूस 'वाळत गेला', 'पोटात गोळा झाला', एवढंच म्हटलं जायचं आणि विषय संपायचा. सोनोग्राफी, बायॉप्सी आवाक्यात आल्यावर त्याच आजारांना नाव मिळालं. शोधाशोधीमुळे आकडा किती फुगतो याचं टोकाचं उदाहरण दक्षिण कोरियाचं. तिथे धडधाकट माणसांच्याही थायरॉइडची सोनोग्राफी होऊ लागली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण पंधरा पट झालं. त्याने मरणाऱ्यांचं प्रमाण मात्र जवळजवळ होतं तिथेच राहिलं.

कोकणापुरतं बोलायचं तर माझ्या मते मोठा वाटा वयाचा आहे, आणि त्यामागचं गणित इतकं देखणं आहे की ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

१९५४ साली संख्याशास्त्रज्ञ पीटर आर्मिटेज आणि साथरोगतज्ज्ञ रिचर्ड डॉल या दोघांनी इंग्लंड-वेल्समधले कॅन्सरचे मृत्यू वयानुसार मांडले. बऱ्याच प्रकारच्या कॅन्सरमध्ये मृत्यूचं प्रमाण वयाच्या सुमारे सहाव्या घाताने वाढत होतं. वय पस्तीसचं सत्तर झालं, म्हणजे दुप्पट झालं, की धोका दोनाच्या सहाव्या घाताइतका, म्हणजे ६४ पट. डीएनएची रचना कळून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं आणि कॅन्सरचं एकही जनुक कुणाला माहीत नव्हतं. तरी या नुसत्या आलेखावरून त्यांनी तर्क केला की निरोगी पेशीची कॅन्सरची पेशी व्हायला साधारण सात टप्पे लागत असावेत.

सहावरून सात कसे? पेशीभोवती एकामागे एक सात गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आहेत असं धरा. एक पेशीची वाढ रोखून धरतो, एक डीएनएतल्या चुका दुरुस्त करतो, एक बिघडलेल्या पेशीला मरायला लावतो, असे. कुठल्या पावसाळ्यात कुठला गडगा ढासळेल ते सांगता येत नाही, पण गुरं आत शिरायची तर सातही पडले पाहिजेत. एक गडगा 'क्ष' वर्षांत पडलेला असण्याची शक्यता क्षच्या प्रमाणात वाढते. सातही पडलेले असण्याची शक्यता म्हणजे सात वेळा क्षचा गुणाकार, अर्थात क्षचा सातवा घात. पण आपण मोजतो ते 'या वर्षीचे नवे रुग्ण', म्हणजे ज्यांचा शेवटचा गडगा याच वर्षी पडला ते. त्यांचे उरलेले सहा आधीच पडलेले हवेत, म्हणून सहावा घात. (कलनशास्त्र आठवत असेल तर हे साधं अवकलन आहे. गडगे ठरावीक क्रमानेच पडायला हवेत अशी अट घातली तरी घात सहाच राहतो, फक्त दर ५०४० पटींनी कमी होतो. का, ते करून बघा.)

हे गणित वेदवाक्य नाही. पुढे जनुकं वाचता आल्यावर दिसलं की टप्प्यांची संख्या प्रत्येक कॅन्सरला वेगळी असते, बऱ्याचदा सातापेक्षा कमी. आणि स्तनाच्या कॅन्सरचा आलेख पाळी जाण्याच्या सुमाराला वाकतो. पण वयाबरोबर धोका सरळ रेषेत न चढता उसळी घेतो, ते खरंच आहे.

आता आपल्या गावाकडे या. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गचीही घटली. तरुण मुंबई-पुण्याला, घरात आजी-आजोबा, आणि त्यांच्या जोडीला निवृत्त होऊन परतलेले चाकरमानी. समजा, एका गावात पस्तिशीचे ९०० आणि सत्तरीचे १०० लोक होते. पस्तिशीतल्या माणसाचा धोका एक धरला तर धोक्याची बेरीज ९०० अधिक १०० गुणिले ६४, म्हणजे ७३००. काही वर्षांनी पस्तिशीचे ६०० उरले, सत्तरीचे ३०० झाले. बेरीज १९,८००. गावात माणसं शंभराने कमी आणि माणशी कॅन्सर तिप्पट. पाणी तेच, हवा तीच. खऱ्या गावात सगळ्या वयांची माणसं असतात, त्यामुळे तफावत इतकी टोकाची नसते, पण दिशा हीच.

म्हणून तुलना करायची ती वयोसमायोजित दरांची, म्हणजे सगळीकडे वयांची रचना सारखीच आहे असं धरून काढलेल्या दरांची. असं वय वजा केल्यावरही फरक उरतातच. २०१२-१६च्या राष्ट्रीय नोंदींत पुरुषांमधला हा दर मिझोरमच्या आयझॉल जिल्ह्यात लाखामागे २६९ होता, उस्मानाबाद-बीडमध्ये ४०च्या आत. हा उरलेला फरक सवयींचा, परिसराचा आणि काही अंशी निदानाचाही.

आपल्याकडे सवयींत पहिली तंबाखू. मशेरी कशी करतात ते पाहिलं असेल: तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, शेजारच्या पडवीतल्या माणसालाही ठसका लागतो, मग चुरून डबीत. सकाळी चिमूटभर दातांना लावून बाई तासभर चुलीपाशी, अंगणात कामं करत असते, अनेकदा लग्नाआधीपासून. डॉल यांनीच पुढे रिचर्ड पीटो यांच्याबरोबर दाखवलं की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका रोज किती विड्या-सिगारेटी ओढल्या त्यापेक्षा किती वर्षं ओढल्या यावर फार जास्त अवलंबून असतो, वर्षांच्या चौथ्या-पाचव्या घाताने. "मी दिवसाला एकदाच लावते" या बचावात म्हणून फारसा दम नाही.

दुसरी सुपारी. श्रीवर्धनची रोठा सुपारी आपल्या अभिमानाचा विषय, पण नुसती, तंबाखूविना खाल्लेली सुपारीही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्यांत, टाकली आहे. तिच्यामुळे गालाचं आतलं अस्तर ताठरतं. एकावर एक धरलेली तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर दाताच्या डॉक्टरला दाखवा.

भगताकडे जाऊन देवस्की काढण्यात, देवळात कौल लावण्यात दोन-तीन महिने जातात आणि तेवढ्यात स्तनातली गाठ काखेत पोचते. हनुमानफळाने कॅन्सर बरा होतो म्हणून मेसेज पाठवणारे शिकलेले लोकही याच रांगेतले. त्या मेसेजांचा आधार एवढाच, की प्रयोगशाळेतल्या बशीत त्या फळाच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मरतात. पण बशीतल्या पेशी मिठाच्या पाण्यानेही मरतात.

आता फवारणी आणि कारखाने. देशात वर्षाला लाखामागे साधारण शंभर नवे रुग्ण धरले तर दोन हजार वस्तीच्या गावात सरासरी दोन. अशी हजार गावं घेतली तर निव्वळ योगायोगाने १३५ गावांत त्या वर्षी एकही रुग्ण नसेल आणि पन्नासेक गावांत पाच किंवा जास्त. गाजावाजा या पन्नास गावांचा होतो. शिवाय पाच जणांना पाच वेगवेगळ्या अवयवांचे कॅन्सर असतील तर एका विहिरीवर आळ घेणं कठीण. संशय घ्यावा तो एकच, आणि दुर्मीळ, प्रकार पुन्हा पुन्हा दिसला तर. १९७४ साली अमेरिकेतल्या केंटकीत पीव्हीसीच्या एका कारखान्यातल्या मोजक्या कामगारांना यकृतातल्या रक्तवाहिन्यांचा अतिशय दुर्मीळ कॅन्सर झालेला आढळला आणि व्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसीचा कच्चा माल, पकडलं गेलं. लोट्याच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीत मासे मरतात ही तक्रार खरी आहे आणि ती करायला कॅन्सरचा आधार लागत नाही.

फवारणीचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. मॅलेथिऑन आणि डायाझिनॉन ही कीटकनाशकं २०१५ पासून त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 'बहुधा कर्करोगकारक' गटात आहेत. पण सर्वांत जास्त डोस आंबा खाणाऱ्याला मिळत नाही. तो मिळतो मोहरावर नळी धरून, तोंडाला फार तर रुमाल बांधून उभ्या असलेल्या गड्याला. रत्नागिरी-देवगडच्या बागांत हा गडी अनेकदा नेपाळहून हंगामापुरता आलेला असतो. कर्करोगाच्या नोंदणीत त्या भागात किमान वर्षभर राहिलेलाच माणूस धरतात, आणि हा आजार उघडा पडायला दहा-वीस वर्षं लागतात. त्याला तो झालाच, तर तो नेपाळातल्या कुठल्यातरी इस्पितळात सापडेल आणि आपल्या जिल्ह्याच्या आकड्यात त्याने काहीच फरक पडणार नाही.